बांधावरचं पांढरं फूल कुंभ्याचंच आहे का? ते कसं ओळखायचं?

पाऊस सुरू झाला की रानभाज्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाटा परिसरात सोयाबीन आणि हळदीच्या शेतांचे बांध याच काळात हिरवे होतात. मराठवाड्यात अशा बांधांवर, पडीक जमिनीवर कुंभा उगवतो. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात. पण फोटोतलं झाड खरंच कुंभा आहे का?

कुंभा म्हणजे काय?

कुंभा ही पुदिना आणि तुळशीच्या कुळातली, भारतातली मूळची रानवनस्पती आहे. शास्त्रीय नाव ल्युकास सेफॅलोटीस. फुलाचा आकार द्रोणासारखा, म्हणून संस्कृतमध्ये ती द्रोणपुष्पी.

कसा ओळखायचा?

• खोड: बोटांत धरून फिरवा. चार कडा लागतात.
• पानं: समोरासमोर जोडीनं येतात. पुढची जोडी आधीच्या जोडीला आडवी असते.
• फुलं: फांदीच्या टोकाला गोल गेंद असतो आणि त्यातून पांढरी फुलं डोकावतात.
• पाकळ्या: फुलाला दोन ओठ असतात. वरचा लहान, केसाळ, टोपीसारखा. खालचा मोठा आणि पसरट.
• बिया: फूल गळल्यावर हिरव्या पेल्यात चार छोट्या बिया तयार होतात.

गोंधळ कुठे होतो?

कुंभ्याचा जवळचा भाऊ तुंबा. त्याचे गेंद फक्त टोकाला नाही, तर खोडावर पानांच्या बेचक्यांतही असतात. रानतुळस याच कुळातली, पण मूळची अमेरिकेची. तिची फुलं फिकट जांभळी आणि वास उग्र. दीपमाळेची फुलं केशरी, तर गेंद काटेरी.

खरा धोका घाणेरीचा. तिचंही खोड चौकोनी असतं आणि पानं समोरासमोर येतात, पण ती या कुळातली नाही. तिची पानं गुरांसाठी विषारी आहेत. फुलं रंगीत, झुपक्यात येतात आणि नंतर गोल फळं धरतात.

म्हणजे फक्त चौकोनी खोड पाहून ठरवू नका.

फोटो कसा काढायचा?

फुलाचा नुसता क्लोजअप पुरत नाही. खोड, पानांची जोडी, बाजूनं फूल आणि पूर्ण झाड असे चार फोटो काढा. आणि भाजी करायची असेल, तर फोटोवर विसंबू नका. ती भाजी दरवर्षी खुडणाऱ्या गावातल्या जाणत्या माणसाला झाड प्रत्यक्ष दाखवा. शंका असेल तर खाऊ नका.