आपला वाटाड्या आपणच: पालघर, १४ ऑगस्ट १९४२

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही, किंवा ऐन मोक्याला वैतरणा खाडीवर ज्यांचं नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जिथे घसरलो तिथे थोडं सावरून घेतलंय.

मी माकुणसारचा. ऑफिसात कोणी विचारलं तर आधी "सफाळे आणि केळव्याच्या मधे" सांगतो, समोरचा गप्प राहिला की "विरारच्या पुढे", आणि तरीही कळलं नाही तर "केळवे बीच माहितीये ना, त्याच्या अलीकडे". लहानपणी मला १४ ऑगस्टचा अर्थ एवढाच माहीत होता की आज पालघरला जाऊन उपयोग नाही. वह्या आणायच्या राहिल्या असल्या तरी बाबा म्हणायचे, "आज नको, आज पालघर बंद असतं." या बंदसाठी कोणी शटर पाडायला सांगत फिरत नाही, दगड मारत नाही. दुकानदार आपणहून दुकान उघडत नाहीत, रिक्षावाले रिक्षा काढत नाहीत. हुतात्मा स्तंभापाशी लोक जमतात आणि १९४२ च्या पाच जणांना मानवंदना देतात.

ती पाच नावं मी २०२० सालापर्यंत कधी नीट वाचली नव्हती. तेव्हा का वाचली ते शेवटी सांगतो. आधी १९४२ कडे जाऊ.

८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव झाला. त्या रात्रीचं "करेंगे या मरेंगे" सगळ्यांना आठवतं. मला त्याहून जास्त ठरावाचा शेवट आवडतो, जो शाळेत कोणी वाचून दाखवला नाही. त्याचा भावार्थ असा: अशी वेळ येईल की सूचना काढता येणार नाहीत, काढल्या तरी लोकांपर्यंत पोचणार नाहीत, काँग्रेसची एकही समिती काम करू शकणार नाही. तसं झालं तर प्रत्येक स्त्रीपुरुषाने, अहिंसेची आणि दिलेल्या सूचनांची चौकट न मोडता, स्वतःच्या जबाबदारीवर चालायचं. ज्याला स्वातंत्र्य हवंय त्याने स्वतःच स्वतःचा वाटाड्या व्हायचं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले कुठलीही सिस्टिम बांधताना पहिला प्रश्न हाच विचारतो, की मुख्य सर्व्हर बंद पडला तर काय? बहुतेक पक्षसंघटनांकडे याचं उत्तर नसतं, कारण 'माझ्याशिवाय' हा शब्द पुढाऱ्याला लिहवत नाही. इथे पुढाऱ्यांनी आपल्याच गैरहजेरीची सोय लिहून ठेवली होती. आणि ती काही तासांतच लागली. ९ ऑगस्टच्या पहाटे धरपकड झाली. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं, कार्यकारिणीतल्या नेहरू, पटेल, आझादांसारख्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात.

म्हणजे त्या सकाळी आंदोलन होतं, पण ते चालवणारं कोणी बाहेर नव्हतं.

पाच दिवसांनी, १४ ऑगस्टला, पालघरच्या कचेरीवर मोर्चा आला. आजूबाजूच्या गावांतून आणि किनारपट्टीवरून लोक आले होते. आज सातपाटीहून शेअर रिक्षा मिळते म्हणून ते अंतर आपल्याला काहीच वाटत नाही. मुरब्याला तर मधे खाडी. मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण गेले. सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र चुरी, सालवडचे सुकुर मोरे आणि पालघरचे रामप्रसाद तिवारी.

यातल्या कोणाचं नाव देशाच्या इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही. मला त्यात फार वाईट वाटत नाही. मला त्या दिवसाची सकाळ जास्त सतावते. गांधीजी तुरुंगात, बातम्यांवर सेन्सॉरची कात्री, आणि घरातल्या प्रत्येकाने आपापलं ठरवायचं, की जायचं की नाही. "वरून काय आदेश आहे" असं विचारायला वर कोणी नव्हतं. आमच्या घरात कोणी त्या मोर्चाला गेल्याची आठवण सांगितली जात नाही, म्हणजे बहुधा गेलं नसावं. हेही सांगून टाकतो, नाहीतर पॉडकास्टवर सगळ्यांचेच आजोबा स्वातंत्र्यसैनिक निघतात.

त्याच महिन्यात मुंबईत एक गोष्ट सुरू झाली, जी पॉडकास्ट करणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. उषा मेहता, वय २२, आणि तिचे काही साथीदार यांनी २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. पकडलं जाऊ नये म्हणून ट्रान्समीटर या फ्लॅटमधून त्या फ्लॅटमध्ये हलवायचा. वर्तमानपत्रं छापायला धजत नव्हती त्या बातम्या, जसं विदर्भातल्या चिमूर-आष्टीत काय झालं ते, या रेडिओवरून लोकांना कळायच्या. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घातली. जेमतेम अडीच महिने. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. मी महिन्याला दोन भाग टाकतो आणि माइक बिघडला की रडतो, असो.

आता सरकारची बाजू. कारण ती बाजू होती, आणि ती खोटी नव्हती. महायुद्ध चालू होतं. जपानने ब्रह्मदेश घेतला होता, एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले होते. संकट खरं होतं. पण सरकार संकटाच्या नावाखाली जे मागतं ते नेहमी संकटापुरतं असतं का, हा प्रश्न तेव्हाही एका माणसाने विचारला, तोही कोर्टात. त्याचं नाव केशव तळपदे. भारत संरक्षण नियमांमधल्या २६ व्या नियमाखाली मुंबई सरकारने त्यांना विनाखटला स्थानबद्ध केलं होतं. मुंबई हायकोर्टात दाद लागली नाही. ते दिल्लीला फेडरल कोर्टात गेले आणि एप्रिल १९४३ मध्ये सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्या कोर्टाने सांगितलं की हा नियमच बेकायदा आहे. मूळ कायद्याने वाजवी संशय असलेल्या माणसाला अडकवायची मुभा दिली होती. नियमाने ती 'सरकारची खात्री पटली की पुरे' इतकी ताणली होती.

भर युद्धात, ब्रिटिश सरन्यायाधीश, सरकारच्या विरोधात निकाल! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उडालोच होतो. पण थोड्याच दिवसांत वटहुकूम निघाला आणि नियमाला मागच्या तारखेपासून कायद्याचं पांघरूण घातलं गेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग सापडला, पण पॅच तुरुंगवाल्यांच्या सोयीचा आला. ज्यांना वाटतं हे फक्त गोऱ्या सरकारचं काम, त्यांनी १९७६ चा एडीएम जबलपूर खटला शोधावा. तिथे पाच न्यायमूर्तींपैकी एकटे एच. आर. खन्ना वेगळं बोलले.

इथे मी भाग संपवणार होतो. पण मग तो अर्धाच खरा झाला असता. कारण याच जिल्ह्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, उत्तरेला डहाणू आणि उंबरगावच्या जंगलपट्टीत अशी माणसं राहत होती ज्यांना १४ ऑगस्टला 'जायचं की नाही' हा प्रश्नच पडू शकत नव्हता. वारल्यांचा दिवस त्यांचा स्वतःचा नव्हता. सावकार-जमीनदाराकडे वेठ, म्हणजे बिनमजुरीचं काम. त्याहून वाईट लग्नगडी: लग्नासाठी कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही मालकाचे गुलाम, कित्येकदा जन्मभर. ज्याचं लग्नसुद्धा गहाण आहे, त्याला 'स्वतःचा वाटाड्या हो' सांगणं म्हणजे काय?

त्यांचा दिवस उजाडला तो २३ मे १९४५ ला, तलासरीजवळच्या झरीला. किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे होते. ठरलं ते अगदी साधं: वेठ बंद, दिवसाला १२ आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर जायचं नाही. ऐकायला ही मजुरीची मागणी वाटते. पण दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस दारात येऊन हाक मारतो तेव्हा 'नाही' म्हणायचं असतं ते एकट्याने, झोपडीच्या दारात उभं राहून. परिषद तिथे सोबत येत नाही. गोदावरीबाईंनी पुढे हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं. तुम्ही पालघर जिल्ह्यात राहता आणि ते वाचलं नसेल तर हा भाग सोडून ते वाचा, मला राग येणार नाही.

त्याच वर्षी १० ऑक्टोबरला गोदावरीबाईंच्या नावाने खोटा निरोप पसरवण्यात आला. त्या संकटात आहेत असं समजून वारली तलवाड्याला गोळा झाले आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. इथेही पाच गेले. पहिला जेठ्या गांगड. मोबाइल नव्हते, तरी अफवा केवढी पोचली बघा.

आता २०२०. मार्चमध्ये लोकल बंद झाल्या आणि मी लॅपटॉप घेऊन घरी आलो. पहिले काही दिवस, खरं सांगतो, मला मजा वाटली. भाजी वाडीतली, मासळी खाडीतली, तांदूळ घरचा. शहरातले मित्र पिठासाठी रांगेत, आणि आम्ही स्वावलंबी. मग आम्ही पोरांनी आळीच्या तोंडाशी बांबू आडवे टाकले. पाळ्या लावल्या. त्या पाळ्यांची गुगल शीट मीच बनवली: नाव, वेळ, शेरा. व्हॉट्सअॅपवर रोज नवीन काहीतरी यायचं. अमुक गावात रात्री चोर आले, तमुक ठिकाणी वेशांतर करून लोक फिरतात.

एका दुपारी केळव्याच्या बाजूने दोघं चालत आले. बोईसरच्या एमआयडीसीत कामाला होते, कारखाना बंद, खोलीत शिधा संपलेला. सफाळ्याला ओळखीचा माणूस आहे म्हणाले. हिंदी बोलत होते, उत्तरेकडचे. आम्ही पाण्याची बाटली काठीने पुढे सरकवली आणि त्यांना मागे फिरवलं. त्यातल्या एकाने विचारलं, "रोड तो सरकारी है ना?" मी म्हणालो, "ऊपर से ऑर्डर है."

ऑर्डर नव्हती. लॉकडाऊन होता, १८९७ चा साथरोग कायदा लागू होता, हे सगळं खरं. पण बांबू टाका असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ते आम्हीच ठरवलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी, १६ एप्रिलला, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्याला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. रात्रीची राखण, तसल्याच अफवा, आणि जमावाने मारलेले तीन जण. दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी कोणीच काही टाकलं नाही. दोन दिवसांनी बांबू कोणीतरी काढून ठेवले. कोणी ते विचारलंही नाही.

त्या वर्षी १४ ऑगस्टला पालघरला जाता आलं नाही. पाच नावं मोबाइलवर आली आणि मी ती पहिल्यांदा एकेक करून वाचली. पागधरे, ठाकूर, चुरी, मोरे. इकडे वाढलेल्याला यातली आडनावं ओळखीची वाटतात. मग तिवारी. हे आडनाव कुठून इकडे आलं, कोणत्या रस्त्याने आलं, पोटासाठी की आणखी कशासाठी, मला ठाऊक नाही. १९४२ साली कचेरीसमोर ते पालघरचं होतं.

ती शीट अजून माझ्या ड्राइव्हमध्ये आहे. तारखेप्रमाणे लावलेली, फ्रीज केलेली पहिली ओळ, सगळं व्यवस्थित. शेवटचा कॉलम 'परत पाठवले'. त्यात त्या दुपारच्या ओळीपुढे २ लिहिलंय. नावाचा कॉलम फक्त पाळीवाल्यांसाठी होता.