वाया घालवलेल्या वेळेचा माग : बदक, बाहुली आणि भिवंडी

१/ संगणकाच्या पडद्यावर कसलाही उपयोग नसलेली साधने पुष्कळ आहेत. एक कळ दाबली की कुठल्यातरी निरर्थक पानावर नेऊन सोडणारे ‘द युजलेस वेब’, किंवा बिल गेट्स यांची संपत्ती लुटुपुटुची उधळू देणारा खेळ. वेळ घालवणे एवढाच त्यांचा हेतू. या रिकामपणच्या उद्योगांचे भिवंडीच्या मागांशी जुने नाते आहे. थ्रेड.

२/ कथा सुरू होते पॅरिसमध्ये. १७३८ साली जाक द व्होकांसाँ याने तेथे एक यांत्रिक बासरीवादक मांडला. हा पुतळा खरोखर फुंकर घालून, बोटे हलवून बारा धुना वाजवी. पाठोपाठ आले धातूचे बदक. ते दाणे टिपी, पंख फडफडवी आणि चक्क विष्ठाही टाकी! (पचन ही मात्र हातचलाखी होती, ‘विष्ठा’ आधीच आत भरलेली असे.) पैसे मोजून लोक ही मौज पाहत.

३/ बासरीवादकाच्या यंत्रणेत खुंट्या बसवलेला एक फिरता दंडगोल होता. कोणते बोट केव्हा उचलायचे, हे खुंटीची जागा ठरवी. म्हणजे यंत्राने काय करायचे ते आधीच लिहून ठेवलेले होते.

४/ १७४१ मध्ये फ्रेंच सरकारने या खेळणीकाराला रेशीम उद्योगाचा निरीक्षक नेमले. त्याच्या नव्या नियमांविरुद्ध १७४४ मध्ये लियाँचे विणकर खवळून उठले आणि त्याला शहरातून पळ काढावा लागला. पुढच्याच वर्षी त्याने नक्षी आपोआप विणणारा माग तयार केला. तो चालला नाही, अडगळीत पडला.

५/ पुढे जोसेफ मारी जॅकार्डने तोच माग पॅरिसच्या संग्रहालयात अभ्यासला आणि १८०४ च्या सुमारास आपले यंत्र सिद्ध केले. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते. भोक आले की सुई आरपार जाते आणि ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. सारी नक्षी या ‘आहे’ आणि ‘नाही’ यांतून उमटते.

६/ १८३९ मध्ये लियाँला जॅकार्डचे चित्र रेशमात विणले गेले. त्यासाठी सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. त्याची एक प्रत लंडनच्या चार्ल्स बॅबेजकडे होती. आपल्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी त्याने हेच पुठ्ठे निवडले होते.

७/ बॅबेजने लहानपणी पाहिलेली एक नाचणारी चांदीची बाहुली पुढे लिलावात विकत घेऊन दिवाणखान्यात ठेवली होती. पाहुण्यांची गर्दी तिच्याभोवती जमे. शेजारच्या खोलीतील गणनयंत्राकडे मात्र क्वचितच कोणी वळे.

८/ पुढे भोकांची कार्डे संगणकांपर्यंत पोहोचली. विसाव्या शतकात कितीतरी वर्षे त्यांवरूनच संगणकाला आज्ञा दिल्या जात. आणि संगणकशास्त्रज्ञांनी पुन्हा खेळणी केली. मार्व्हिन मिन्स्की यांच्या कल्पनेवरून क्लॉड शॅनन यांनी एक पेटी बनवली. बटण दाबले की आतून एक हात येई, तेच बटण बंद करी आणि परत आत जाई. बस्स, एवढेच.

९/ आता भिवंडी. १८५७ नंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग रुजवले. १९३० च्या दशकापासून यंत्रमाग आले आणि हातमाग मागे पडला. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपात गिरण्या थंडावल्या, तेव्हा कापडाचे काम भिवंडीकडे वळले आणि मागांची संख्या झपाट्याने वाढली.

१०/ एक भेद ध्यानात ठेवावा. भिवंडीत निघते ते मुख्यतः साधे ग्रे कापड. तिथल्या मागाचे मूळ १७८५ च्या कार्टराइटच्या यंत्रमागाकडे जाते. जॅकार्डची नक्षी महाराष्ट्रात ठळक दिसते ती सोलापुरी चादरीवर. पण माणसाच्या हाताची हालचाल यंत्राच्या हाती देणे, हे सूत्र दोन्हीकडे एकच.

११/ व्होकांसाँचा बासरीवादक रिकामा वेळ असलेल्यांसाठी वाजत होता. त्याच हातांनी घडवलेल्या यंत्रविद्येने पुढे विणकराचा वेळ मोजायला घेतला. भिवंडीचा माग-कामगार बारा तासांची पाळी करतो आणि मजुरी विणलेल्या कापडावर ठरते. धागा तुटून माग थांबला, तर ती मिनिटे त्याच्याच पगारातून जातात.

१२/ म्हणून ‘निरुपद्रवी वेळ घालवणे’ हा वाक्प्रयोग जपून वापरावा लागतो. खेळण्यात उपद्रव नव्हता. पण खेळण्यातून निघालेल्या यंत्राची किंमत आधी लियाँच्या आणि मग भिवंडीच्या विणकराने मोजली. कारण वेळ वाया घालवण्याची चैन त्याच्या वाट्याला कधी आलीच नाही.

१३/ आज त्याच कामगाराच्या खिशातही मोबाइल असतो. पाळी संपल्यावर त्याने त्यावर एखादे निरर्थक चक्र फिरवले, तर त्याला कोणी रिकामटेकडा म्हणू नये. पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या गमतीतून हे सारे सुरू झाले, तिच्यातला त्याचा वाटा त्याला फार उशिरा मिळाला आहे.