सत्तेचे शब्द आणि श्लेष

श्लेष हा आपल्याकडे शब्दालंकार म्हणून शिकविला जातो आणि त्याची गणना बहुधा बुद्धिविलासात होते. रोमन प्रजासत्ताकात मात्र तो राजकारणाचे हत्यार होता. इ. स. पू. ७० मध्ये सिसिलीचा माजी प्रांताधिपती व्हेरेस याच्यावर लुबाडणुकीचा खटला उभा राहिला व अभियोग चालविण्याचे काम सिसेरोने अंगावर घेतले. लॅटिनमध्ये 'व्हेरेस' म्हणजे नर डुक्कर. 'यूस' या शब्दाचे अर्थ दोन : न्याय आणि रस्सा. (यांतला दुसरा 'यूस' आयुर्वेदातील 'यूष' या शब्दाचा सगोत्र होय.) तेव्हा व्हेरेसचा न्याय म्हणजे डुकराचा रस्सा, असा विनोद रोममध्ये रूढ झाला. न्यायाधिकारपदावर त्याच्या आधी असलेल्या गृहस्थाचे नाव साकेर्दोस, म्हणजे पुरोहित. पुरोहिताने असले डुक्कर बळी न देता मागे सोडलेच कसे, असेही लोक म्हणत. हे विनोद फारसे चतुर नाहीत, असे सांगत सांगत सिसेरोने ते आपल्या भाषणात नोंदविले. नको नको म्हणत सारे सांगून टाकण्याची ही वकिली हातोटी! प्रत्यक्षात हे भाषण झालेच नाही; व्हेरेस आधीच रोम सोडून गेला होता आणि भाषण केवळ लिखित रूपात राहिले. खुद्द सिसेरोचे नाव 'हरभरा' या अर्थाच्या शब्दावरून आलेले, हे इथे विसरता येत नाही.

आजच्या राजकीय परिभाषेतील कितीतरी शब्द याच रस्त्यांवरून आले. 'कँडिडेट'च्या मुळाशी 'कांदिदुस', म्हणजे शुभ्र, हा शब्द आहे. पदासाठी उभा राहणारा खडूने उजळलेला टोगा पांघरून फिरे. मतांसाठी असे फिरणे म्हणजे 'आंबितिओ', आजची 'अँबिशन'. त्याचेच भावंड 'आंबितुस', म्हणजे निवडणुकीतील लाचलुचपत. तिच्याविरुद्ध सिसेरोने इ. स. पू. ६३ मध्ये कॉन्सल असताना कायदा केला. आपला 'उमेदवार' फारसीतून आला आणि त्याची नजर वस्त्रावर नाही, आशेवर आहे. 'मिनिस्टर' म्हणजे मुळात कनिष्ठ, सेवक. त्याच्या उलट 'मागिस्तेर', म्हणजे वरिष्ठ. हा मागिस्तेर पोर्तुगीजांच्या वाटेने मराठीत 'मिस्त्री' झाला आणि इंग्रजांच्या वाटेने 'मास्तर'. व्युत्पत्तीचा न्याय लावला तर मिस्त्रीने मंत्र्याच्या वर बसावयास हवे.

परंतु या इतिहासातील सर्वांत गंभीर श्लेष 'रेक्स' या शब्दाभोवती घडला. रेक्स म्हणजे राजा. संस्कृत 'राजन्' हा त्याचा सगोत्र मानला जातो. कालिदासाने रघुवंशात राजाचे नाते प्रजेच्या रंजनाशी जोडले. ती व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य नसली तरी तिच्यातून एक राजनीती बोलते. रोमनांना मात्र हा शब्दच असह्य होता. परंपरेनुसार इ. स. पू. ५०९ मध्ये त्यांनी शेवटच्या राजाला हाकलून दिले होते. इ. स. पू. ४४ च्या आरंभी जमावातील काहींनी ज्युलियस सीझरला 'रेक्स' म्हणून हाक घातली, तेव्हा आपले नाव रेक्स नसून सीझर आहे, असे उत्तर त्याने दिले. रेक्स हे आडनावही होते, आणि त्याच्या आजीचे घराणे त्याच आडनावाचे. जणू कोणी नाव चुकले आहे, अशा थाटात त्याने राजपदाचा प्रश्न टोलविला. टोलविला, सोडविला नाही. त्या वर्षी १५ मार्चला त्याचा खून झाला.

पुढे जे घडले ते कोणत्याही विनोदी लेखकाला सुचले नसते. राजा नव्हे असे सांगण्यासाठी पुढे केलेले ते नावच राजाहून थोर पदवी होऊन बसले. जर्मनांचा 'कायझर' आणि रशियाचा 'झार' त्यातूनच निघाले. ग्रीक, अरबी, फारसी असा प्रवास करून 'कैसर' हिंदुस्थानातही पोचला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरियाच्या सम्राज्ञीपदाची घोषणा झाली, तेव्हा त्या पदवीला देशी रूप मिळाले ते 'कैसर-इ-हिंद' हेच. १९०० मध्ये त्याच नावाचे पदक सुरू झाले. १९१५ मध्ये ते गांधीजींना मिळाले आणि १९२० च्या ऑगस्टमध्ये, असहकाराच्या आरंभी, त्यांनी ते व्हाइसरॉयकडे परत पाठविले.