सरपंचपद आणि श्रमदान : हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांची वाटचाल

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार आज देशभर माहीत आहे. पण १९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव पार खचलं होतं. पाऊस जेमतेम, डोंगर बोडके, विहिरी उन्हाळ्याआधीच कोरड्या. माणसं कामाला बाहेर जायची आणि गावात दारूच्या भट्ट्या चालायच्या.

पोपटराव पवार हे याच गावचे. एम.कॉम.पर्यंत शिकलेले, क्रिकेटची आवड असलेले. शिकलेला पोरगा गावात राहावा म्हणून गावातल्या तरुणांनी आग्रह धरला. १९८९ मध्ये ते बिनविरोध सरपंच झाले.

सुरुवात कशी केली?
पहिल्याच दिवशी मोठी योजना आणली नाही. आधी शाळा, देऊळ आणि भट्ट्या बंद करणं ही कामं हाती घेतली. लोकांनी स्वतः श्रमदान केलं. काम डोळ्यांनी दिसल्यावर विश्वास बसला. मग डोंगरावर सलग समतल चर, नाल्यांवर बंधारे आणि झाडं लावण्याचं काम झालं. १९९४ पासून राज्याच्या आदर्श गाव योजनेचीही साथ मिळाली.

गावाने पाळलेले नियम :
• कुऱ्हाडबंदी
• चराईबंदी
• नशाबंदी
• नसबंदी
• श्रमदान

पुढे शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी आली. ऊस, केळी अशी जास्त पाणी पिणारी पिकं बंद झाली.

पाण्याचा ताळेबंद
आपल्या शेतकऱ्यांनी शिकावं असं हेच आहे. गावात पाऊस मोजतात आणि ग्रामसभेत हिशेब मांडतात. आधी माणसांना आणि जनावरांना पिण्याचं पाणी, मग शेतीला. पाऊस कमी झाला तर रब्बीत कोणतं पीक घ्यायचं नाही, तेही तिथंच ठरतं. बंधारा सरकार बांधून देईल, पण शेजाऱ्याने बोअर घेतला की आपली विहीर आटते. म्हणून नियम सगळ्यांना सारखाच हवा.

पोपटराव पुढे राज्याच्या आदर्श गाव समितीचे कार्याध्यक्ष झाले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जानेवारी २०२१ मध्ये मात्र गावात तीस वर्षांनी मतदान झालं. सातही जागा त्यांच्या पॅनेलने जिंकल्या. एवढं काम करूनही निवडणुकीला सामोरं जावं लागलंच, हे लक्षात ठेवा.

तुम्हाला उभं राहायचं असेल तर
ग्रामपंचायतीसाठी वय २१ पूर्ण आणि मतदार यादीत नाव पाहिजे. बाकीच्या अटी तहसील कार्यालयात विचारून घ्या. पण त्याच्या आधी ग्रामसभेला जा. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. आपल्याकडं बऱ्याच गावांत खुर्च्या मोकळ्या असतात आणि सह्या नंतर घरोघरी फिरून घेतल्या जातात. पाण्याचा हिशेब मागायचा तर आधी त्या खुर्चीवर जाऊन बसावं लागेल.