प्रमाण मागण्याचा अधिकार

विज्ञान आणि धर्मश्रद्धा यांच्या भांडणाचा विषय निघाला, की आपल्याकडचे वक्ते थेट युरोपात जातात. १६३३ साली रोमच्या धर्मन्यायालयाने गॅलिलिओला गुडघे टेकायला लावले, ही गोष्ट मीही वर्गात सांगतो. अमेरिकेत ड्रेपरने १८७४ मध्ये आणि व्हाइटने १८९६ मध्ये मोठे ग्रंथ लिहून, विज्ञान व धर्म यांचे जणू अखंड युद्धच चालू आहे, असे चित्र उभे केले. ते आपल्या शिक्षितांच्या डोक्यात पक्के बसले. पुढच्या इतिहासकारांनी ते चित्र एकांगी ठरवले. गॅलिलिओ स्वतः शेवटपर्यंत श्रद्धावान ख्रिस्ती होता, हे त्यातले साधे सत्य.

पण या वादाचे एक प्रकरण आपल्याच देशात घडले आहे. तो वाद दोन महापुरुषांत झाला, अस्पृश्यतेवरून झाला, आणि त्यात अस्पृश्याला साक्षीदार म्हणूनसुद्धा कोणी बोलावले नाही. म्हणून ते प्रकरण आपण आपल्या बाजूने पुन्हा उघडले पाहिजे.

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी दोनच्या सुमारास उत्तर बिहार व नेपाळ हादरले. मुंगेर शहर ढिगाऱ्यात गेले. मुझफ्फरपूर, दरभंगा, मोतीहारी येथे घरे कोसळली, जमिनीला भेगा पडल्या, आणि त्यांतून उसळलेल्या वाळूने शेते व विहिरी भरून गेल्या. बिहारमध्ये ७,००० च्या वर आणि नेपाळात ८,००० च्या वर माणसे मेली. गांधीजी त्या वेळी दक्षिणेत होते. ७ नोव्हेंबर १९३३ ला वर्ध्याहून सुरू झालेला त्यांचा हरिजन दौरा तमिळ प्रदेशात पोचला होता. २४ जानेवारीला तिरुनेलवेलीच्या जाहीर सभेत त्यांनी सांगितले, की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या महापापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा आहे; मला हवे तर अंधश्रद्धाळू म्हणा, पण तुम्हीही माझ्याबरोबर असे माना.

रवींद्रनाथ टागोरांना हे सहन झाले नाही. अस्पृश्यतेबाबत ते गांधीजींच्याच बाजूचे होते. पण माणसाच्या पापपुण्याचा जमिनीच्या हालचालीशी संबंध जोडणे त्यांना अशास्त्रीय आणि धोक्याचे वाटले. भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला, आणि आपल्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा. अशा प्रकारचा युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांच्या मनोवृत्तीला जास्त शोभतो. उद्या तेच लोक या कोपाचे खापर गांधीजींवर फोडतील तर नवल नाही.

गांधीजींनी हे टीकापत्र १६ फेब्रुवारीच्या ‘हरिजन’मध्ये छापले आणि त्याच अंकात उत्तर दिले. टीका लपवली नाही, हा त्यांचा मोठेपणा मान्य करावा. उत्तरात त्यांनी कबूल केले, की अस्पृश्यता आणि भूकंप यांचा संबंध मला सिद्ध करता येणार नाही. तो मला आतून जाणवतो. आणि पुढे असे, की माझी श्रद्धा चुकीची ठरली तरी माझे व माझ्याबरोबर श्रद्धा ठेवणाऱ्यांचे त्यात भलेच होईल.

पुस्तकांत हे प्रकरण बहुधा इथे संपते. श्रद्धेचे गांधी, बुद्धीचे रवींद्रनाथ. विद्यार्थ्यांनी दोन रकाने आखावेत आणि गुण घ्यावेत. मला मात्र प्रश्न इथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट साधी आहे. पाप सवर्णांचे होते, तर मुंगेरच्या ढिगाऱ्याखाली फक्त सवर्णच सापडले काय? ज्याच्यावर पाप झाले त्याचेही घर ज्या शिक्षेत पडते, ती शिक्षा कसली? आणि पाप साऱ्या देशाचे असताना मार बिहारलाच का? गांधीजी ज्या तिरुनेलवेलीत बोलत होते, त्याच जिल्ह्यातल्या पुराड वण्णान जातीची माहिती १९३२ च्या डिसेंबरात वर्तमानपत्रात आली होती. हे लोक अस्पृश्यांचे कपडे धूत, आणि त्यांच्या दर्शनाचाही विटाळ मानला जाई; म्हणून त्यांनी दिवसा बाहेरच पडायचे नाही, रात्री कामे उरकायची. जिथे माणसाला उजेडातही येऊ दिले जात नव्हते, तिथली जमीन त्या दुपारी स्थिर होती.

दुसरी गोष्ट अशी, की कोपाची भाषा कोणाच्याही तोंडात बसते. भूकंपाचा अर्थ ईश्वरी इच्छेने लावायचा ठरला, की ज्याच्या हाती देऊळ आणि पोथी, त्याचाच अर्थ खरा ठरतो. जवाहरलाल नेहरूंनी १९३६ च्या आत्मचरित्रात हेच विचारले. शिक्षा म्हणायची तर नेमकी कोणत्या पापाची? इंग्रज सरकारही म्हणेल, की उत्तर बिहार कायदेभंगात पुढे होता, म्हणून त्याला हे भोगावे लागले. सनातन्यांचे गांधीजींना उत्तर तर युक्तिवादापुरते थांबले नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बिहारातल्या जसीडीहला त्यांच्या मोटारीवर हल्ला झाला, आणि २५ जूनला पुण्यात, ते नगरपालिकेच्या मानपत्राला जात असताना, त्यांची समजून दुसऱ्याच मोटारीवर बॉम्ब पडला. देव कोणत्या बाजूला आहे, याबद्दल दोन्ही पक्षांची सारखीच खात्री होती.

आणि तिसरी गोष्ट. ज्या पापाने धरणी दुभंगली, ते पाप कायद्याने रोखायची वेळ आली तेव्हा काय झाले? मध्यवर्ती कायदेमंडळात रंगा अय्यर यांचे मंदिरप्रवेशाचे विधेयक पडून होते. निवडणुका जवळ आल्या, काँग्रेसने पाठिंबा सैल केला, आणि ऑगस्ट १९३४ मध्ये ते विधेयक मागे घेतले गेले. जानेवारीतली ईश्वरी शिक्षा ऑगस्टपर्यंतही पुरली नाही. हा इतिहास बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात तपशिलाने मांडला आहे. भीतीने आलेला पश्चात्ताप भीती ओसरली की ओसरतो.

आता विज्ञानाची बाजू पाहू. भूगर्भशास्त्र खात्याचे अधिकारी उत्तर बिहार पायी तुडवून आले आणि १९३९ मध्ये त्यांचा सविस्तर अहवाल निघाला. नदीच्या गाळाने बनलेल्या प्रदेशात एक लांबच लांब पट्टा त्यांनी नकाशावर दाखवला. तिथे ओली रेती धक्क्याने पातळ झाली होती आणि त्यामुळे घरे नुसती कोसळली नाहीत, तर कलली, खचली. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत हिमालयाखाली घुसतो आहे आणि साठलेला ताण असा मोकळा होतो, हे ज्ञान १९६० नंतरच्या दशकांत पक्के झाले. २०१३ मध्ये तर त्या भूकंपात नेपाळच्या पायथ्याशी जमीन कुठे फाटली, त्याच्या खुणाही संशोधकांनी दाखवून दिल्या. रवींद्रनाथ बरोबर होते. आज याबद्दल वाद उरलेला नाही.

पण एवढ्याने आपला प्रश्न सुटतो असे मी मानत नाही. विज्ञान जमीन का हलली ते सांगते. मदतीची रांग लागली की तिच्यात शेवटी कोण उभा राहतो, ते भूकंपमापकावर उमटत नाही. २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत, दलितांना छावण्यांत वेगळे ठेवल्याच्या, मदत उशिरा व कमी दिल्याच्या तक्रारी मानवी हक्कांच्या संघटनांनी नोंदवल्या. उपग्रह आले, यंत्रे आली, पण पाण्याच्या टाकीवरचा विटाळ गेला नव्हता.

शिवाय विज्ञानाच्या नावानेही आपल्यावर शिक्के मारले गेले आहेत, हे विसरून चालणार नाही. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमध्ये लोकांची नाके मोजली आणि १८९१ मध्ये निष्कर्ष काढला, की नाक जितके रुंद तितकी जात खालची. हाच माणूस पुढे १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख झाला. मनूने जे श्लोकात सांगितले, ते रिस्लेने मोजपट्टीने सांगितले. बाबासाहेबांनी यावर विज्ञानाला शिव्या दिल्या नाहीत. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी डॉ. घुर्ये यांनी मांडलेली नाकांची मापेच पुढे ठेवली आणि त्यांवरून दाखवून दिले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे ठरत नाहीत. मोजपट्टीला मोजपट्टीनेच उत्तर दिले. पोथीत ही सोय नाही. पोथीवर शंका घेणारा पाखंडी ठरतो. मापावर शंका घेणारा दुसऱ्यांदा मोजू शकतो. विज्ञानाचे मोल माझ्या मते एवढ्यासाठीच आहे. त्याची उत्तरे कायमची खरी नसतात. पण प्रश्न विचारणाऱ्याची जात विचारायची सोय त्याच्या पद्धतीत नाही. वैज्ञानिक ती विचारू शकतात, ही गोष्ट वेगळी.

म्हणून मला वाटते, की खरी रेघ श्रद्धा आणि विज्ञान यांच्यामध्ये नाही. प्रमाण मागता येते आणि प्रमाण मागता येत नाही, यांच्यामध्ये ती आहे. महाडचे उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ ला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, आणि सवर्णांनी १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले. हा विधी श्रद्धेचा होता. त्याला कोणी पुरावा मागितला नाही. पण तेच लोक न्यायालयात गेले आणि म्हणाले, की अस्पृश्यांना या तळ्यावर येऊ न देण्याची आमची अनादी वहिवाट आहे. तिथे मात्र विचारले गेले, अनादी कशावरून? १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. हजारो वर्षांचा म्हणून सांगितलेला अधिकार ‘सिद्ध करा’ या दोन शब्दांपुढे टिकला नाही. गांधीजी रवींद्रनाथांना सांगतात, सिद्ध करता येत नाही पण मला जाणवते. महाडचे सनातनीही वेगळे काय सांगत होते? हेतूत जमीनअस्मानाचे अंतर होते, हे खरे. पण गाऱ्हाणे घेऊन आलेल्या माणसाला दोघांच्याही दारात एकच उत्तर मिळत होते.

या साऱ्यात एक प्रश्न रवींद्रनाथांनीही विचारला नाही. भूकंपाचे कारण दोघांनी शोधले. एकाने पापात, दुसऱ्याने निसर्गात. अस्पृश्यतेचे कारण काय? तिला पाप म्हटले की कारण शोधण्याची गरज संपते, प्रायश्चित्त उरते. आणि प्रायश्चित्त घेणार सवर्ण, शुद्ध होणार सवर्ण; आपण केवळ त्याचे निमित्त. पण या प्रश्नाचे उत्तर त्याच ‘हरिजन’ पत्रात वर्षभर आधी छापून आलेले होते. ११ फेब्रुवारी १९३३ च्या पहिल्याच अंकासाठी बाबासाहेबांकडे संदेश मागितला गेला. त्यांनी संदेश दिला नाही, निवेदन दिले: अस्पृश्य हा जातिव्यवस्थेतून निपजलेला आहे, जाती आहेत तोवर अस्पृश्य राहणारच. इथे पाप नाही, कोप नाही; कार्य आहे आणि कारण आहे. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, जातीची कोंडी जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनाने कशी टिकते, हे त्यांनी उलगडले होते. तीच ही पद्धत. १९३४ सालच्या त्या वादात सर्वांत शास्त्रीय माणूस वादाबाहेर ठेवला गेला होता.

आणि तरीही बाबासाहेबांनी धर्म टाकून दिला नाही. १९५० मध्ये बुद्धाच्या धम्माच्या भवितव्यावर लिहिताना त्यांनी धर्माला कसोट्या लावल्या. धर्म बुद्धीशी, म्हणजेच विज्ञानाशी सुसंगत असला पाहिजे. त्याने स्वातंत्र्य, समता, बंधुता मानली पाहिजे. आणि त्याने दारिद्र्याला पवित्र ठरवता कामा नये. यांतली पहिली कसोटी विज्ञानाची, पण बाकीच्या विज्ञानाने देता येण्यासारख्या नाहीत. माणसाला माणूस मानावे, हे कोणत्या प्रयोगशाळेत सिद्ध होते? तिथे निष्ठाच लागते. फक्त ती निष्ठा अशी हवी, की शेवटच्या माणसाने उठून ‘कशावरून?’ विचारले तर तिने डोळे वटारू नयेत. केसपुत्त गावच्या कालामांना बुद्धाने हेच सांगितले होते, की परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरूने सांगितले, एवढ्यावरून मानू नका.

माझी आजी पटकीच्या साथीच्या आठवणी सांगे. मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेण्याचे काम आमच्याच लोकांकडे. देवी गावाची, कोप गावावर, आणि तो अंगावर घेऊन शिवेपलीकडे न्यायचा आम्ही. ती अडाणी होती, पण विचारायची, की रोग आमच्या हातून जातो तर पाणी आमच्या हातून का चालत नाही? हा प्रश्न विज्ञानाचा आहे की धर्माचा, मला सांगता येणार नाही. दोघांनाही तो टाळता येऊ नये, इतके मात्र पाहिले पाहिजे. वस्तीत शिबिर घेणाऱ्या कार्यकर्त्याने आणि वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाने ‘विज्ञान की श्रद्धा’ असा पेच घालून पोरांना दोन रांगांत उभे करू नये. त्यांना एवढेच शिकवावे, की कोणीही, कितीही थोर माणसाने, तुमच्या दुःखाचे कारण आभाळाकडे बोट दाखवून सांगितले, तर प्रमाण मागा. मागण्याचा तो अधिकार आपल्याला कोणत्याही भूकंपाने मिळवून दिलेला नाही.