भिंतीला धरून ठेवते कोण?

वर्धा-आर्वी रस्त्यावरील आंजी (मोठी)सारख्या गावात जुने व नवे घर शेजारी शेजारी दिसते. एकाच्या भिंती मातीच्या, वर कवेलू. दुसरे विटा-सिमेंटचे, आत गुळगुळीत टाइल. पण प्रश्न दोन्हींकडे एकच आहे : सुटे तुकडे एकमेकांना धरून कसे ठेवायचे? त्याच्या उत्तरांचा इतिहास आपण थोडक्यात पाहू.

पहिले उत्तर मातीचे. चिकणमातीचे चपटे, सूक्ष्म कण पाणी उडून गेले की जवळ येऊन घट्ट बसतात. यात रासायनिक बदल होत नाही; म्हणून पावसात भिंतीचा पुन्हा चिखल होतो. विदर्भातील काळी माती तर ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. म्हणून काळी शेतीला आणि गावठाणातील पांढरी घराला, असा व्यवहार रूढ झाला. तडे जाऊ नयेत म्हणून चिखलात कुटार मिसळतात. अजिंठ्याच्या चित्रांखालील मातीच्या गिलाव्यातही गवत व भाताचा तूस आढळतो.

दुसरे उत्तर चुन्याचे. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली, की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो व ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. पाण्यात विरवून, वाळूबरोबर घाणीत मळून तो भिंतीत भरला, की हवेतील कार्बन डायऑक्साइड परत घेऊन त्याची पुन्हा चुनखडी होते! हवेत हा वायू फक्त ०.०४ टक्क्यांच्या आसपास असल्याने काम फार सावकाश चालते. विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळली तर तिच्यातील सिलिका चुन्याशी संयोग पावते व मिश्रण पाण्याखालीही घट्ट होते.

तिसरे उत्तर सिमेंटचे. १८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने ‘पोर्टलंड सिमेंट’चे पेटंट घेतले. सिमेंट वाळून घट्ट होते, हा गैरसमज आहे. ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. म्हणूनच नव्या बांधकामावर पाणी मारावे लागते.

आपल्याकडे १९३६ हे वर्ष लक्षणीय ठरले. त्या वर्षी दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ‘एसीसी’ स्थापन झाली. त्याच वर्षी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास आले. घर स्थानिक साहित्याचे हवे आणि खर्च कमीत कमी हवा, अशी त्यांची अट होती. सेवाग्रामच्या मातीच्या कुटी आजही उभ्या आहेत. पण दरवर्षी कोणीतरी त्यांची निगा राखते म्हणून!

चौथे उत्तर टाइलच्या गोंदाचे. भाजलेली साधी टाइल पाणी शोषते, तेव्हा सिमेंटचा लगदा तिच्या छिद्रांत शिरून पकड घेतो. व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते. तिथे लगद्याला शिरायला जागाच नसते. म्हणून सिमेंटमध्ये पॉलिमरची पूड मिसळलेले चिकटद्रव्य वापरतात. भारतीय मानक १५४७७ मध्ये त्याचे पाच प्रकार केले आहेत. जमीन, भिंत, दगड, धातूचा पृष्ठभाग अशी जागा बदलली की प्रकारही बदलतो.

मग नवे ते सर्वत्र चांगले का? नाही. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, की ओल आत कोंडते आणि काही वर्षांत गिलावा मातीच्या थरासकट सुटून येतो. डागडुजीच्या हौसेने अशी कितीतरी चांगली घरे दुबळी झाली आहेत. जोडणारा पदार्थ ज्याला जोडायचे त्याच्या स्वभावाचा हवा, हा या इतिहासाचा धडा.

तो वर्गात पडताळता येईल. काळी माती, पांढरी माती आणि कुटार मिसळलेली काळी माती यांच्या सारख्या आकाराच्या वड्या करून सावलीत वाळवा. भेगा मोजा, मग पाण्यात ठेवा. कोणती वडी आधी विरघळली आणि का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या. घरी आजीला विचारले, तर ती कदाचित पाचवे उत्तरही देईल.