जामखेडचें आरोग्यकार्य व अनुदानाचा प्रश्न

धर्मग्रामांत आरोग्याचें कांहीं कार्य काढावें अशी गोष्ट निघाली, कीं पहिला प्रश्न ठरलेला असतो : अनुदान कोठून मिळेल? ज्युबिलीच्या निमित्तानें तो आमच्याही कानांवर वारंवार आला. त्यास आपलें मत सांगण्यापेक्षां महाराष्ट्रांतीलच एका कार्याचा इतिहास वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटलें.

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेलें. अहमदनगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांत वडाळा येथील मिशन रुग्णालयांत सेवा करितांना त्यांच्या ध्यानीं आलें कीं, आज बरें करून घरीं पाठविलेलें मूल त्याच दुखण्यानें पुन्हां दारीं येतें. मग अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेऊन १९७० सालीं त्यांनीं त्याच जिल्ह्याच्या दुष्काळी जामखेड तालुक्यांत कार्य आरंभिलें. पाठीशीं परदेशांतील ख्रिस्ती संस्था होत्या. जिनीव्हा येथें १९६८ सालीं स्थापन झालेल्या ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाचें पाठबळही होतें. पैसा बाहेरून आला, हें लपविण्याचें कारण नाहीं. पाहावयाचें तें हें कीं, त्याच्या जोडीस गांवानें काय घातलें.

पहिली जागा गांवाचीच : गुरांचा एक जुना दवाखाना. तेथें रुग्ण तपासले जाऊं लागले हें वाचून आम्हांस बेथलेहेमच्या गोठ्याची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं.

लवकरच १९७२ चा दुष्काळ पडला. उपाशी मुलांसाठीं बाहेरून धान्य आलें; परंतु तें शिजवून वाढण्याचा भार गांवांनीं उचलला. परक्या धान्यावर कायमचें विसंबतां यावयाचें नाहीं हें ओळखून पुढें कांहींनीं मुलांच्या अन्नासाठीं आपली जमीन पिकवावयास दिली. विंधन विहिरी अनुदानांतून झाल्या. त्यांपैकीं अनेक हातपंप मुद्दाम दलित वस्तींत बसविले. तेव्हां ज्यांनीं त्या वस्तींत कधीं पाऊल टाकलें नव्हतें, त्यांसही घागर घेऊन तेथें जाणें आलें. हिशेबाच्या वहींत ही बाब ‘विहीर’ म्हणून एका ओळींत बसते. गांवांत तिनें काय काय हालविलें असेल, तें वाचकांनींच ताडावें.

गांवोगांव परिचारिका ठेवण्याचा प्रयत्न मात्र फसला. त्या तेथें रमेनात. मग गांवांनीं आपल्यांतल्याच बायका निवडल्या. त्यांत पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित. दर आठवड्यास जामखेडला येऊन त्या बाळंतपण, बालकांचें पोषण, जुलाबावर साखर-मिठाचें पाणी हें सारें शिकल्या. १९७१ सालीं तेथें जन्मणाऱ्या हजारांपैकीं १७६ बालकें वर्षाच्या आंत दगावत. १९७६ पर्यंत हा आंकडा ५२ वर आला. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

दरम्यान २ ऑक्टोबर १९७७ पासून सरकारनें देशभर गांवच्या आरोग्यसेवकांची योजना काढली. मानधन दरमहा ५० रुपये. परंतु निवडले गेले ते बहुतेक पुरुष, आणि गांवास तो सेवक आपला न वाटतां सरकारचा वाटूं लागला. केंद्राचा निधि थांबल्यावर ती योजना टिकली नाहीं.

परदेशांतून मदत आणणें आतां पूर्वींसारखें सोपें नाहीं. विदेशी देणग्यांवर १९७६ च्या व पुढें २०१० च्या कायद्यानें नियंत्रण आलें. २०२० च्या दुरुस्तीनें तर एका संस्थेस मिळालेली विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेस देण्यास बंदी झाली. मोठ्या संस्थेनें मदत घ्यावी व लहानांस वांटावी, ही जुनी वाट त्यामुळें बंद आहे. आमच्या सभेंत ‘अमक्या संस्थेकडून मिळवूं’ म्हणणारांनीं हें आधीं ध्यानीं घ्यावें.

मेबलबाई १९९९ सालीं व डॉ. रजनीकांत २०११ सालीं निवर्तले. कार्य पुढें त्यांच्या अपत्यांनीं चालविलें, आणि गांवोगांवच्या त्या बायकांनीं.